पशुवैद्यकाने कोणते शब्द वापरावेत?

‘आता त्याला झोपवूया’ हे वाक्य पशुवैद्यक म्हणून मीही अनेकदा उच्चारले आहे. हल्ली मात्र ते जाणीवपूर्वक टाळतो. भूल देण्यालाही आपण ‘झोपेचे इंजेक्शन’ म्हणतो आणि बार्बिट्युरेट या गुंगी आणणाऱ्या औषधाची प्राणघातक मात्रा देण्यालाही तेच म्हणतो, त्यामुळे समोर दुःखाने सुन्न होऊन बसलेल्या माणसाला आपण नेमकी कशाला संमती देत आहोत हे खरोखर उमगले आहे, याची खात्री उरत नाही. शिवाय घरातले लहान मूल हे ऐकत असेल, तर ते स्वतः झोपायला घाबरू शकते. ‘काही क्षणांत त्याची शुद्ध हरपेल, मग श्वास आणि हृदय थांबेल व त्याचा मृत्यू होईल’, हे हळू आवाजात पण पूर्ण सांगणे मला अधिक दयाळूपणाचे वाटते.

‘यूथनेशिया’ या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थ ‘चांगला मृत्यू’ असा आहे आणि तो ज्याचा मृत्यू त्याच्यासाठी चांगला असावा, हे त्यात गृहीत आहे. अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशन यूथनेशिया, कत्तल आणि साथीसारख्या आणीबाणीत करावी लागणारी सामूहिक हत्या यांसाठी वेगवेगळी मार्गदर्शक तत्त्वे देते, ते मला अत्यंत योग्य वाटते. ब्रिटनमध्ये 2001 साली लाळ्या-खुरकूत रोगाच्या साथीत 60 लाखांहून अधिक जनावरे मारली गेली आणि त्यांतील कितीतरी जनावरांना तो रोग झालेलाच नव्हता. साथ रोखण्यासाठी असा निर्णय घ्यावा लागतो की नाही, यावर वाद होऊ शकतो. परंतु निरोगी मेंढीच्या त्या मृत्यूला ‘सुखमरण’ म्हटले, तर तो वादच शब्दाखाली गाडला जातो. मांजराची ‘नखे काढणे’ हेही तसेच आहे, कारण त्या शस्त्रक्रियेत प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड कापले जाते.

माझ्या दृष्टीने सर्वांत अवघड वाक्य मात्र अगदी साधे आहे: ‘आता काही करता येणार नाही.’ पुष्कळदा करता येण्यासारखे असते, पण ते प्राण्याच्या पालकाला परवडणारे नसते, किंवा आमच्याकडे ती सोय नसते, किंवा महिनोन्महिने शुश्रूषा करण्याइतके बळ त्या घरात उरलेले नसते. ही तिन्ही कारणे खरी आहेत आणि त्यांपैकी एकही लाजिरवाणे नाही. तरीही पालकाला अपराधी वाटू नये म्हणून आपण आर्थिक मर्यादेला वैद्यकीय निष्कर्षाचा पोशाख चढवतो, आणि (हे कबूल करायला हवे) त्याच वेळी स्वतःचीही एका अवघड संभाषणातून सुटका करून घेतो. त्यामुळे पालकाचा दुसरे मत घेण्याचा किंवा कमी खर्चाचा, केवळ वेदना आटोक्यात ठेवणारा मार्ग विचारण्याचा हक्क हिरावला जातो. रुग्ण तर आपले म्हणणे मांडूच शकत नाही. त्याच्या बाजूने बोलणारे पशुवैद्यक आणि पालक असे दोघेच असतात, आणि त्यांतल्या एकाकडे माहिती अपुरी असते.

म्हणून मी केसपेपरवर आता दोन स्वतंत्र ओळी लिहितो: वैद्यकीयदृष्ट्या काय शक्य होते, आणि प्रत्यक्षात काय ठरले व कोणत्या कारणाने. दुसरी ओळ पालकासमोर वाचून दाखवताना आजही माझा आवाज अडखळतो.