गोळा गोल असतो म्हणून फूल गोल उमटत नाही

जपानच्या आकाशात आतषबाजीची एक सोनेरी शेवंती उमलते, पाकळ्या लाल होतात, मग हिरव्या, आणि सगळ्या एकाच क्षणी विझतात. ही चित्रफीत दर दिवाळीला फिरते आणि खाली ठरलेला मजकूर असतो: ‘यात कसलं आलंय कौशल्य? आपल्या सुतळी बॉम्बचाच हा थोरला भाऊ. गोल डब्यात दारू ठासली, डबा गोल म्हणून फूल गोल. रंग चिप बदलते, बाकी सगळं यंत्र. म्हणे शेकडो वर्षांची परंपरा! शेवटी काय, पैशाचा धूर.’ ज्या कामात माणसांचे महिने जातात त्याला कुणी ‘ठासणं’ म्हणावं, हे मला खरंच लागतं. म्हणून एकेक वाक्य घेते.

आधी ते ‘ठासणं’. गोळ्याचं कवच म्हणजे जाड कागदाच्या दोन अर्धगोल वाट्या. वाटीच्या आतल्या अंगाला दारूच्या गोळ्या हाताने, एकीला एक चिकटून लावत जातात. त्यांना जपानीत ‘होशी’ म्हणतात, म्हणजे तारा. आकाशात दिसणारा प्रत्येक ठिपका हा असा एक तारा असतो. फुलात आणखी एक फूल हवं असेल तर आत दुसरा थर. मधे पातळ कागद, आणि पोटात गोळा फोडणारी दारू. तीही नुसती पूड नसते, तर भाताच्या तुसावर किंवा सरकीवर चढवलेली असते. तूस हलकं, आणि दाण्यादाण्यात फट राहते, त्यामुळे जाळ सगळीकडे झटकन पोचतो. मग दोन्ही वाट्या न सांडता एकमेकींवर मिटायच्या आणि लाकडी दांडक्याने हलके ठोकत आतलं सगळं बसवायचं.

खरी परीक्षा इथून पुढे. बाहेरून कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवायच्या, गोळा फळीखाली लोळवून आतली हवा काढायची, वाळवायचा, पुन्हा पट्ट्या, पुन्हा वाळवण. कागद कुठे कमी पडला तर गोळा तिथूनच आधी फाटतो आणि फूल एका बाजूला कलंडतं. गोलाई येते ती चहूबाजूंनी सारख्या बसलेल्या कागदातून आणि ताऱ्यांच्या मांडणीतून. सुतळी बॉम्बशी नातं आहे ते एवढंच: तिथे सुतळी दारूला आवळून धरते, इथे कागद. पण तिथे हवा असतो आवाज. इथे शेकडो ताऱ्यांना एकाच वेळी, एकाच जोराने, दाही दिशांना सोडायचं असतं.

आता रंग. गोळ्यात चिप नसते, असते ती वात. गोळा उडतानाच ती पेटते आणि गोळा चढून थांबतो त्या क्षणी आतल्या दारूपर्यंत पोचायला हवी. रंग धातूंच्या क्षारांचे: लाल स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा. निळा सगळ्यांत अवघड, जाळ जरा जास्त तापला की फिका पडतो. आणि रंग बदलतो कसा, हे ज्याच्या घरी संक्रांतीचा हलवा होतो त्याला सांगावं लागू नये. माझी मावशी परातीत खसखस घेऊन बसायची. चमचाभर पाक, बोटांनी फिरवणं, सुकू देणं, परत चमचाभर पाक. दोन दिवसांनी खसखशीचा काटेरी दाणा व्हायचा. ताराही असाच वाढतो. मधे बारीकसं बी, त्यावर ओलसर दारूचा पातळ थर, मग उन्हात वाळवण, चाळणीने सारखे दाणे वेगळे करणं, दुसऱ्या दिवशी पुढचा थर. घाई केली तर वरून सुकतो आणि आत ओल राहते. मोठ्या गोळ्याच्या ताऱ्यांना असे कित्येक आठवडे लागतात. तारा जळतो मात्र बाहेरून आत. म्हणजे कारागिराने पहिल्या दिवशी चढवलेला रंग आकाशात सर्वांत शेवटी दिसतो.

‘सगळं यंत्र करतं’ यात तथ्य नाही असं नाही. तारे आता काँक्रीट मिक्सरसारख्या फिरत्या पिंपात घोळवतात, आणि मोठ्या कार्यक्रमांत गोळे संगणकाच्या तालावर उडतात. पण पाणी किती शिंपडायचं, आज हवा दमट आहे म्हणून थांबायचं का, हे पिंपाला कळत नाही. वाटीत तारे मांडणारे हातही माणसांचेच आहेत.

परंपरेबद्दल मजकूर वेडावतो, आणि कौतुक करणारेही तिथे चुकतात. एदो काळातली, म्हणजे १८६८ पर्यंतच्या जपानमधली दारू सोरा, गंधक आणि कोळशाची. तिचा एकच तांबूस-नारिंगी उजेड. आज दिसणारे रंग १८६८ नंतरच्या मेइजी काळात परदेशी रसायनांबरोबर आले. फुलात फूल उमलवण्याची कला नागानोच्या आओकी गिसाकूंसारख्या कारागिरांनी विसाव्या शतकात घोटवली. अकिता प्रांतातल्या ओमागारीची स्पर्धा १९१० पासूनची. तिथे कारागीर स्वतः केलेला गोळा स्वतः उडवतो. सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाचा गोळा साधारण ३३० मीटर चढतो आणि जवळपास ३०० मीटर रुंद फुलतो. फूल नेमकं शिखरावर उमललं का, सगळे तारे एकदम विझले का, हे परीक्षक बघतात. एक तारा पेटला नाही तरी पडलेल्या दातासारखी फट दिसते.

राहिला ‘पैशाचा धूर’. निइगाता प्रांतात ओजिया शहराच्या काताकाई भागात ९ आणि १० सप्टेंबरला आसाहारा देवस्थानाची जत्रा असते. तिथे १२० सेंटिमीटर व्यासाचा, ४०० किलोंहून जड गोळा उडतो. वजनाचा विक्रम आता अमेरिकेतल्या कोलोरॅडोकडे गेलाय, पण काताकाईला लोक विक्रमासाठी जमत नाहीत. तिथले गोळे गावकऱ्यांनी देवाला वाहिलेले असतात: कुणी मूल झालं म्हणून, कुणी साठी भरली म्हणून, कुणी गेलेल्या आईवडिलांच्या आठवणीत. एकाच शाळेत शिकलेले वर्गमित्र वर्गणी काढून एकत्र वाहतात. उडवण्याआधी ध्वनिक्षेपकावरून तो गोळा कुणी आणि कशासाठी वाहिला हे वाचून दाखवतात, आणि मगच वात पेटते.