बावीस लाखांत पन्नास लाख वाचवा

घोडबंदर रोडला टू बीएचके आहे, त्याचा हप्ता चालू आहे, मुलगी यंदा सातवीत गेली आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ‘दिवाळीनंतर बघू’वर येऊन थांबलंय? मग जुनी लक्झरी एसयूव्ही घ्यायला याहून चांगला मुहूर्त मिळणार नाही. लोक उगाच नव्या क्रेटाच्या मागे लागतात.

आधी गणित पाठ करा, कारण ते घरी मांडायचंय. डिसेंबर २०१५ मध्ये ऑडीची नवी क्यू सेव्हन आली, तेव्हा तिची शोरूमची किंमत ७२ लाखांपासून सुरू होत होती. तेव्हाचीच एखादी आज बावीसेक लाखांत तुमच्या दारात उभी राहते. बायकोला ‘बावीस लाख जाणार’ असं सांगणारा नवरा मूर्ख. ‘पन्नास लाख वाचतायत’ असं म्हणायचं आणि चहाचा कप घेऊन बाल्कनीत निघून जायचं. ‘अहो, पण हिच्या सर्व्हिसिंगला किती लागतात?’ हा प्रश्न आतून येईलच. त्या वेळी खाली रस्त्यावर मेट्रोचं काम कुठवर आलं ते बघत उभं राहावं.

या प्रश्नाचं खरं उत्तर असं आहे की दहा वर्षांत किंमत गाडीची उतरते, पार्टची उतरत नाही. ७२ लाखांच्या गाडीचा हेडलाइट हा शेवटपर्यंत ७२ लाखांच्या गाडीचाच हेडलाइट राहतो. पण हे घरात बोलायचं नाही. सासरेबुवा चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला वगैरे काढतील. काढू द्या. त्यांनी आयुष्यभर बजाज चेतक तिरकी करून सुरू केली, त्यांना एअर सस्पेन्शनमधलं काय कळणार!

गाडी शोधताना दिल्लीकडची मिळाली तर सोडू नका. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून हरित लवादाच्या आदेशाची टांगती तलवार होती, त्यामुळे भल्या भल्या गाड्या स्वस्तात आपल्याकडे आल्या. एनओसी आणा, इथला कर पुन्हा भरा, ठाण्याचा एमएच ०४ नंबर करून घ्या, त्यात काय मोठंसं. डीलर म्हणेल की गाडी एका डॉक्टरची होती. जुन्या गाडीचा मालक नेहमी डॉक्टरच असतो आणि ती फक्त रविवारी निघत असते. मीटर ४४ हजार दाखवेल. दहा वर्षांत ४४ हजार, म्हणजे दिवसाला १२ किलोमीटर. मग स्टिअरिंगचं चामडं घासून गुळगुळीत का झालं आणि ब्रेक पेडलच्या रबराचे दाते कुठे गेले, असल्या शंका काढू नका. डॉक्टरांच्या तळहाताला घाम येत असेल.

मेकॅनिकला सोबत नेणं तर कटाक्षाने टाळा. स्कॅनर लावून तो दहा मिनिटांत गाडीच्या पोटातले सगळे जुने एरर कोड वाचून काढतो आणि तुमच्या चेहऱ्यावरचा आनंद तिथल्या तिथे मावळतो. इंजिन थंड असताना सुरू करून बघा, असंही तो म्हणेल. डीलरने तुमच्यासाठी गाडी आधीच गरम करून ठेवली असेल, त्याच्या आपुलकीचा असा अपमान करू नये.

आता गाडी सोसायटीत आणायची. आपल्याकडच्या बहुतेक स्टिल्ट पार्किंगमध्ये तुमची जागा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असते. तुमची क्यू सेव्हन ५.०५ मीटर लांब आणि आरसे सोडून १.९७ मीटर रुंद. लांबीत पाच सेंटिमीटर नाक पिवळ्या पट्टीच्या बाहेर राहील, त्यावर सेक्रेटरीसाहेबांचा व्हॉट्सॲप संदेश फोटोसकट येईल. रुंदीत दोन्ही बाजू मिळून उरले ५३ सेंटिमीटर. डावीकडे खांब, उजवीकडे ३०४ वाल्यांची ॲक्टिव्हा. म्हणजे गाडी लागेल, पण तुम्ही आत राहाल. खांबाला खेटून लावली तर ड्रायव्हरच्या बाजूने पोट आत घेऊन निघता येतं, पण आईला आणि मुलीला आधी गेटवरच उतरवायचं. आईचा गुडघा दुखतो, तेव्हा उंच गाडीतून उतरायला तिला एक प्लास्टिकचा पाट ठेवा. तो पाट डिकीत मावतो, डिकी प्रशस्त आहे. तुमच्याकडे मशीनचं पार्किंग असेल, तर त्या लोखंडी पाटीवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचू नका. गाडी रिकामीच दोन टनांच्या पुढे आहे.

पहिले काही महिने सोन्याचे जातील. कौपिनेश्वराला नेऊन पूजा होईल (पार्किंगसाठी जांभळी नाक्याला घिरट्या घालाव्या लागतील, पण त्यातच लोक बघतात). लग्नाच्या हॉलवर मेव्हणा चावी मागून घेईल आणि उगाचच गाडी पुढे-मागे करेल. पंपावरचा पोऱ्या ‘साहेब, फुल?’ विचारेल. तुम्ही ‘हजारचं टाक’ म्हणायचं, जरा वैतागलेल्या आवाजात, म्हणजे मोठ्या माणसाला घाई आहे असं वाटतं. शहरात ती लिटरला आठ-नऊ देते, हजारात तुम्ही नौपाड्याला दोन-तीनदा जाऊन याल.

हो, नौपाड्याचं एक सांगायचं राहिलं. कापूरबावडी, माजिवडा, तीन हात नाका असं रांगत जाण्याने डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा जो फिल्टर असतो, तो तुंबतो. ती काजळी जळायला गाडी मोकळ्या रस्त्यावर बराच वेळ सलग धावावी लागते. त्यामुळे यापुढे रविवारी नाशिक हायवेने शहापूरपर्यंत जाऊन यायचं. देव नाही, नातेवाईक नाही, काम नाही, निव्वळ फिल्टरसाठी. मुलीला सहल म्हणून सांगा.

आणि मग एका सकाळी तुम्ही खाली याल तर गाडी पार्किंगमध्ये म्हशीसारखी बसलेली असेल. घाबरू नका. स्प्रिंगच्या जागी तिला हवेच्या रबरी पिशव्या आहेत. रबराला वयानुसार भेगा पडतात, हवा रात्रभर हळूहळू निघून जाते, तिची भरपाई करायला कॉम्प्रेसर राबत राहतो आणि एक दिवस जळतो. टोचन लावून ती सर्व्हिस सेंटरला जाईल. तिथे सोफा आहे, एसी आहे, कॅपुचिनो फुकट आहे. दोन घ्या, ठाण्यातली सगळ्यात महाग कॉफी तीच. सर्व्हिस ॲडव्हायझर टॅबलेट घेऊन येईल आणि फार हळू आवाजात बोलेल.

‘सर, कॉम्प्रेसर गेलाय.’

‘अच्छा.’

‘पुढची एअर स्प्रिंगही लीक आहे. एक बदलून चालणार नाही, जोडी बदलावी लागते.’

‘हो, ते माहितीये,’ असं म्हणा. माहीत नसलं तरी.

‘पार्ट इथे नाहीये, मागवावा लागेल. ॲडव्हान्स भरून टाकता का?’

एस्टिमेटचा आकडा लाखाच्या पुढे असेल. वाचताना ओठ हलवू नका. हाच आकडा मुलीच्या वर्षभराच्या फीला लागून असल्याचं तुमच्या लक्षात येईल, पण असले हिशेब या सोफ्यावर करायचे नसतात. पैसे कुठून आणायचे हा प्रश्न सोपा आहे. गुडघा दिवाळीनंतर करायचा ठरला होता, कोणत्या दिवाळीनंतर ते कुठे ठरलं होतं? शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवर छोट्या गाड्यांचा टोल माफ झालाय. आनंदनगर नाक्यावर वाचणारे पैसे एअर स्प्रिंगसाठी बाजूला टाकत गेलात तर तिसऱ्या पिढीपर्यंत एक स्प्रिंग नक्की येईल.

वागळे इस्टेटमध्ये एखादा गॅरेजवाला ‘ही हवेची भानगड काढून टाकू, साध्या स्प्रिंगा बसवतो’ म्हणेल. निम्म्याहून कमी पैशांत करूनही देईल. मग गाडी बसणार नाही, उठणार नाही, गायमुखच्या खड्ड्यांत तिचं राजेपण तेवढं जाईल. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा मात्र कायमचा लागलेला राहील. त्यावर गणपतीचा स्टिकर लावा.

राहता राहिली तुमची जुनी वॅगन आर. डीलर एक्स्चेंजमध्ये तिचे दीड लाख द्यायला तयार असेल आणि तुम्हाला मोह होईल. ऐका माझं, ती देऊ नका. आईला दवाखान्यात, मुलीला क्लासला आणि तुम्हाला सर्व्हिस सेंटरला न्यायला घरात एक गाडी हवी की नको? सोसायटीत दुसऱ्या गाडीला जागा मिळत नाही, त्यामुळे कमिटीकडे पार्किंगचा फॉर्म भराल तेव्हा ‘रोज वापरात असलेले वाहन’ या रकान्यात वॅगन आरचाच नंबर टाका. ऑडी रस्त्यावर उभी राहील. तिची टोचनवाल्यांशी ओळख आहे.