‘पोरं तपासणीला येतच नाहीत’? जरा थांबा

एक मेसेज फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या, मग मावशीनेही पाठवला. त्याचा सारांश असा: आजकालची पोरं डेटिंग ॲपवर रात्री जागवतात, पण गुप्तरोगाच्या तपासणीचं नाव काढलं की पळतात. त्रास नसेल तर तपासणीची गरजही नसते. करायचीच तर रक्ताची एक चाचणी करा, सगळं कळतं. फक्त जपून, रिपोर्ट घरी आणि ऑफिसात पोचतो.

शेवटून सुरुवात करतो, कारण खरी भीती तिथे आहे. एचआयव्हीपुरता कायदा स्पष्ट आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. कोर्टाच्या आदेशासारखे मोजके अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय चाचणी नाही आणि निकाल इतरांना सांगणंही नाही. नोकरीसाठी या चाचणीची अट घालता येत नाही. जोडीदाराला कळवायची एक वाट ठेवली आहे, पण त्याआधी ‘तुम्हीच सांगा’ म्हणून तुमचं समुपदेशन व्हावं लागतं आणि आम्ही सांगणार आहोत याची कल्पनाही द्यावी लागते. सज्ञान मुलाच्या आईबापांचा यात कुठेही उल्लेख नाही. तरी धाकधूक असेल तर १०९७ ही एड्सची हेल्पलाइन फुकट आहे.

त्रास नाही म्हणजे रोग नाही? क्लॅमिडिया हा जिवाणूंमुळे होणारा गुप्तरोग. तो झालेल्या बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही, पुरुषांतही निम्म्यांच्या आसपास तसेच. इकडे काहींच्या गर्भनलिकांना इजा होत राहते आणि काही वर्षांनी ‘मूल का राहत नाही’ म्हणून डॉक्टरांच्या खेपा सुरू होतात. वेळेत कळलं असतं तर आठवडाभराच्या गोळ्यांत भागलं असतं.

रक्ताच्या एका चाचणीत सगळं कळतं, हेही खोटं. एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ बी रक्तात दिसतात. क्लॅमिडिया आणि परमा (गनोरिया) यांच्यासाठी लघवी किंवा स्वॅब लागतो. शिवाय काल संबंध आला आणि आज एचआयव्हीची चाचणी ‘निगेटिव्ह’ आली, तर त्या कागदाला कालच्यापुरता काही अर्थ नाही. चाचणीच्या प्रकारानुसार दीड ते तीन महिने थांबून पुन्हा करावी लागते.

आता ‘पळतात’. इंग्लंडने २००३ पासून पंचविशीच्या आतल्यांसाठी क्लॅमिडियाची तपासणी सुरू केली. दवाखान्यात या, नाहीतर घरी डबी मागवा आणि नमुना पोस्टाने पाठवा. पोरंपोरी लाखांनी आली. (२०२१ पासून भर मुलींवर आहे, कारण नुकसान जास्त त्यांचं होतं.) पोरं तीच, फक्त दार उघडं होतं.

आपल्याकडचं दार मी पाहिलंय. एका मित्राबरोबर सरकारी रुग्णालयात गेलो होतो. हो, खरंच मित्राबरोबर. वय तेवीस. केसपेपरच्या खिडकीवरून मोठ्याने प्रश्न आला, “काय होतंय?” मागे वीस जणांची रांग. तो म्हणाला, “खाज.” रवानगी थेट त्वचेच्या ओपीडीत. तिथून विचारत विचारत चाचणी केंद्रात पोचलो. तिथल्या समुपदेशक ताई मात्र चांगल्या. दार लावून घेतलं, लग्न झालंय का वगैरे काही नाही, एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही चाचण्या फुकट.

मग त्याने क्लॅमिडियाचं विचारलं. सरकारी सुरक्षा क्लिनिकचा, म्हणजे गुप्तरोगांच्या दवाखान्याचा, कारभार मुख्यतः तक्रारीवर चालतो. कोणतं लक्षण, त्यावरून कोणत्या रंगाचं औषधाचं किट, हे ठरलेलं. लक्षणच नसलेल्याचं काय करायचं, हे त्या रंगांत बसत नाही. तिथे विचारलं, “जळजळ? पू?” मित्र नाही म्हणाला. “मग कशाला आलास?”

शेवटी खासगी लॅबमध्ये लघवी दिली. तीन खिडक्या, दोन हाफ-डे आणि पदरचे पैसे. असा पळतो आमचा पोरगा.