खुलासा: फियाट १२४ स्पायडर म्हणजे नुसता बिल्ला बदललेली माझदा नव्हे

जुन्या गाड्यांच्या ग्रुपांवर सध्या एक फोटो फिरतोय. डावीकडे माझदा एमएक्स-५, उजवीकडे २०१६ची फियाट १२४ स्पायडर, दोन्ही उघड्या छताच्या दोन सीटच्या स्पोर्ट्स गाड्या. खाली मजकूर: ‘इंजिनासकट सगळी माझदा, फियाटने फक्त बिल्ला चिकटवला.’

यातलं बरंचसं खरं आहे. गाडी माझदाच्या हिरोशिमाच्या कारखान्यातच बनायची. तिचा चासी नंबर जपानच्या ‘जे’ अक्षराने सुरू होतो. सांगाडा, डॅशबोर्ड, हाताने उघडायचं कापडी छत, सगळं एमएक्स-५चं. २०१२मध्ये माझदा आणि फियाटची बोलणी झाली तेव्हा तर ही गाडी फियाटच्याच अल्फा रोमिओ या ब्रँडखाली येणार होती!

इंजिन मात्र फियाटचं. १.४ लिटर, टर्बो (म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा) असलेलं. माझदाच्या इंजिनाला टर्बो नाही, त्यामुळे बॉनेट उघडलं की फरक समोरच दिसतो. या टर्बोचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, झेपावा म्हणून मॅन्युअल गिअरबॉक्सही एमएक्स-५च्या आधीच्या पिढीतला घेतला. बाहेरचा पत्राही वेगळा, लांबी सुमारे १४ सेंटीमीटर जास्त, आणि चेहरा पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीने रेखाटलेल्या फियाटच्याच १९६६च्या मूळ १२४ स्पायडरवरून घेतलेला.

शौकिनांनी तिला ‘फियाटा’ (फियाट अधिक मियाटा, म्हणजे एमएक्स-५चं अमेरिकेतलं नाव) म्हटलं, कुणी कौतुकाने, कुणी टोमणा म्हणून. इटलीचं नाव जपानात बनलं याची हळहळ मला समजते. पण इंजिनाची चुकीची माहिती वाचून, परदेशात ही स्पायडर सेकंडहँड घेतलेला आपला एखादा माणूस माझदाचे पार्ट मागवून बसेल. म्हणून तो फोटो कृपया पुढे पाठवू नका.

आपल्याकडे मूळच्या जुन्या फियाट १२४ची सेदान ‘प्रीमियर ११८ एनई’ म्हणून धावली. तिचं इंजिन मात्र खरोखरच जपानी होतं, निसानचं.