चार्लीच्या बाबांची फॅक्टरी

मुलांच्या साहसकथांमध्ये बेट असतं, भुयार असतं, ओसाड वाडा असतो. मला मात्र सगळ्यात जास्त ओढ आहे ती कुठल्यातरी अचाट कंपनीच्या आत घडणाऱ्या कादंबऱ्यांची. मोठं गेट, चिमण्या, मालक, कामगार, कुलपात ठेवलेली गुपितं आणि त्यात नशिबाने शिरलेलं एक पोर. मोठी माणसं रोज सकाळी जातात कुठे आणि तिथे दिवसभर करतात काय, हे मुलांना कोणी नीट सांगत नाही. 'बाबा कामावर गेलेत' एवढ्यावर विषय संपतो. या कादंबऱ्या मुलाला त्या गेटच्या आत नेतात. म्हणूनच आत नेऊन त्या काय दाखवतात आणि काय दाखवत नाहीत, याकडे मुलांना पुस्तकं देणाऱ्या प्रत्येकाने लक्ष द्यावं, असं मला फार मनापासून वाटतं.

या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक अर्थातच रोआल्ड डालचं 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी'. १९६४ साली ते आधी अमेरिकेत आलं. त्याचं बीज खऱ्या कंपनीतलं आहे. डाल इंग्लंडमधल्या रेप्टनच्या शाळेत होता, तेव्हा कॅडबरी कंपनी तिथल्या मुलांना अधूनमधून पुठ्ठ्याची खोकी पाठवायची. प्रत्येकात बारा चॉकलेटं. त्यांतली अकरा नव्याने बनवलेली आणि एक नेहमीचं, तुलनेसाठी. मुलांनी चाखायचं, गुण द्यायचे, शेरा लिहायचा. कंपनीच्या आत कुठेतरी एक खोली आहे, तिथे पांढरे कोट घातलेली मोठी माणसं गंभीर चेहऱ्याने चॉकलेटाचे शोध लावत बसतात, हे त्या मुलाच्या डोक्यात तेव्हा शिरलं ते कायमचं. पुढे पुस्तकात जी नवीन शोधांची खोली येते, तिचा उगम हा. पोरांच्या जिभेवर मालाची चाचणी घेणाऱ्या कंपनीतून एवढं मोठं पुस्तक जन्माला आलं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

पुस्तक तुम्ही वाचलेलं असेल किंवा सिनेमा पाहिला असेल: चॉकलेटच्या वेष्टनात सोनेरी तिकीट सापडलेली पाच मुलं, त्यांतला एक गरीब घरचा चार्ली, विली वोंकाची फॅक्टरी आतून बघायला जातात. चॉकलेटची नदी, गुलाबी बोट, अक्रोड फोडणाऱ्या शंभर खारी, काचेची लिफ्ट. पण या पुस्तकात फॅक्टऱ्या दोन आहेत, आणि दुसरीबद्दल कोणी बोलत नाही. दुसरी चार्लीच्या बाबांची. चार्लीचे बाबा टूथपेस्टच्या कारखान्यात कामाला आहेत. भरलेल्या ट्यूबला वरून टोपण फिरवून बसवायचं, दिवसभर, एवढंच काम. आई, चार्ली, अंथरुणाला खिळलेले चार आजी-आजोबा आणि ते स्वतः, अशा सात जणांच्या पोटाला त्यांचा एकट्याचा पगार. कितीही भराभर टोपणं लावली तरी कोबीच्या पातळ सूपच्या वर घर जात नाही. मग एक दिवस कारखाना बुडतो आणि बंद पडतो. बाबा रस्त्यावरचा बर्फ उपसायला जातात. डालने हे सगळं मोजक्या वाक्यांत उरकलंय, आणि तरीही माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात खरा भाग हाच आहे. भूक कशी लागते आणि पगार कसा पुरत नाही, हे त्याने मुलांपासून लपवलेलं नाही.

आता शेजारची, जादूची फॅक्टरी बघा. तिचा मालक विली वोंका याच्याकडेही एकेकाळी गावातलेच कामगार होते. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी त्यांच्यात हेर घुसवले, पाककृती चोरल्या. मग वोंकाने काय केलं? हेर शोधून काढले नाहीत. सगळ्याच कामगारांना घरी पाठवलं आणि गेटला साखळी लावली. काही महिन्यांनी चिमण्यांतून परत धूर येऊ लागला, पण आत जाताना कोणी दिसेना. कारण आता आत ऊम्पा-लूम्पा होते. दूर देशातून, भोकं पाडलेल्या मोठ्या खोक्यांत घालून आणलेली अख्खी जमात. पगार म्हणून कोकोच्या बिया. बाहेर जायचं नाही, कारण त्यांना थंडी सोसत नाही असं मालक सांगतो. नव्या गोळ्यांची चाचणीही त्यांच्यावरच. ज्या च्युइंगमने त्या पाचांतल्या व्हायोलेट या मुलीचं ब्लूबेरी होतं, ते आधी वीस ऊम्पा-लूम्पांवर वापरून झालेलं आहे आणि विसाच्या वीस जणांचं तेच झालेलं आहे. हवेत उडवणारं सरबत प्यालेला एक म्हातारा ऊम्पा-लूम्पा वर गेला तो परत आलाच नाही. वोंका हे सगळं गप्पा मारता मारता सांगतो आणि पुढच्या खोलीचं दार उघडतो.

मी काही मुलांबरोबर हे पुस्तक मोठ्याने वाचत होते, तेव्हा याच ठिकाणी एका मुलीने विचारलं, "पण त्याच्या घरच्यांना कळवलं का?" त्या म्हाताऱ्याबद्दल. पुढच्या खोलीत जायची घाई तिला नव्हती. ती थांबली होती.

मुलं थांबतात. आपण मोठे त्यांना पुढे ढकलतो, कारण पुढे गंमत आहे.

ऊम्पा-लूम्पांवर टीका झाली नाही असं नाही. पहिल्या आवृत्तीत ते आफ्रिकेच्या जंगलातून आणलेले काळे ठेंगू लोक होते. त्यावर अमेरिकेत रास्त आक्षेप घेतले गेले. १९७२ साली एलेनॉर कॅमेरॉन या बालसाहित्यिकेने 'हॉर्न बुक' मासिकात पुस्तकावर कडक लेख लिहिला, डालने चिडून उत्तर दिलं. पण १९७३च्या आवृत्तीत त्याने स्वतःच बदल केला: ऊम्पा-लूम्पा गोरे झाले, केस सोनेरी-तपकिरी झाले आणि त्यांचा देश काल्पनिक झाला. पुढे २०२३ साली पफिन प्रकाशनाने डालच्या पुस्तकांतले कितीतरी शब्द बदलले. पाच मुलांतल्या हावऱ्या ऑगस्टस ग्लूपला लठ्ठ म्हणणारा शब्द गेला, ऊम्पा-लूम्पा 'छोटे पुरुष' होते ते 'छोटी माणसं' झाले. गदारोळ झाला, मग जुना मजकूरही छापत राहू असं प्रकाशकांनी जाहीर केलं.

या दोन्ही दुरुस्त्या मी वाचल्या आहेत. पहिली गरजेचीच होती. पण दोन्हीत कामाचा करार तसाच राहिला. कातडीचा रंग बदलला, खोकी राहिली. शब्द सौम्य झाले, कोकोच्या बिया राहिल्या. मुलांना 'लठ्ठ' हा शब्द वाचायला झेपेल का याची एवढी चर्चा झाली. मालकाने माणसांवर केलेले प्रयोग झेपतील का, यावर त्या मानाने फारच थोडी. मला स्वतःला यातलं काही कापायचं नाही. पुस्तक आहे तसं मुलांच्या हातात पडावं. फक्त आपण शेजारी बसलेलं असावं.

सिनेमांनी बाबांचं काय केलं तेही सांगते. १९७१चा पहिला चित्रपट क्वेकर ओट्स कंपनीच्या पैशावर निघाला, कारण त्यांना वोंका नावाचं चॉकलेट बाजारात आणायचं होतं. म्हणून सिनेमाच्या नावात चार्लीच्या जागी विली वोंका आला. त्या सिनेमात चार्लीला वडीलच नाहीत. टूथपेस्टचा कारखाना गेला, त्याबरोबर बंद पडलेल्या कारखान्यातला माणूसही गेला. २००५च्या चित्रपटात बाबा परत आले. तिथे त्यांची नोकरी एका यंत्रामुळे जाते आणि शेवटी तेच यंत्र दुरुस्त करायचं काम त्यांना मिळतं. मला हा बदल मनापासून आवडला. कोणीतरी त्या माणसाकडे परत वळून बघितलं.

पुस्तकाच्या शेवटी वोंका आपली फॅक्टरी चार्लीला देतो. वारस म्हणून त्याला मोठा माणूस का नको, हे तो स्पष्ट सांगतो: मोठा माणूस ऐकणार नाही, आपल्या पद्धतीने करू पाहील. म्हणजे त्याला पोर हवंय ते सांगितलेलं ऐकणारं. आणि चार्ली खरंच त्या अख्ख्या दौऱ्यात कशालाही हात लावत नाही. बाकीची चार मुलं हावरी, हट्टी, उद्धट आहेत, त्यांना शिक्षा होते, ठीक. पण जिंकणारा मुलगा जिंकतो तो बहुतेक करून शहाण्यासारखा गप्प राहिल्यामुळे, हे मला पटत नाही. साहसकथेच्या नायकाने एक तरी अवघड प्रश्न विचारावा.

तो प्रश्न विचारणारी मुलगी मला दुसऱ्या पुस्तकात भेटली. मिखाएल एंडे या जर्मन लेखकाची 'मोमो', १९७३ची. इथे कंपनी म्हणजे वेळेची बचत करणारी बँक. तिचे एजंट राखाडी कपड्यांतले, राखाडी चेहऱ्याचे, सतत सिगार ओढणारे. फूझी नावाच्या न्हाव्याकडे असा एक एजंट येतो आणि आरशावर हिशोब मांडतो. सत्तर वर्षांचं आयुष्य म्हणजे २२० कोटी ७५ लाख २० हजार सेकंद. त्यातले झोपेत किती गेले, जेवणात किती, बहिऱ्या आईशी रोज बोलण्यात किती, पाळलेल्या पोपटात किती, चाकाच्या खुर्चीत बसलेल्या दारियाबाईंना रोज फूल नेऊन देण्यात किती? बाकी शून्य. मग फूझी बचत सुरू करतो. गिऱ्हाइकाशी बोलणं बंद, आई स्वस्तातल्या वृद्धाश्रमात, पोपट विकला. वाचवलेला वेळ मात्र त्याला कधीच परत मिळत नाही. राखाडी माणसं माणसांच्या वेळेवरच जगतात. त्यांचे सिगार त्याच वेळेच्या फुलांच्या वाळलेल्या पाकळ्यांचे असतात.

नफा येतो कुठून, हे दहा वर्षांच्या मुलाला यापेक्षा स्वच्छ समजावणारं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही. मोमोजवळ ना तिकीट आहे ना पैसे. तिला ऐकून घेता येतं, एवढंच. आणि तिने नीट ऐकून घेतल्यामुळे कंपनीचा एजंट तिच्यासमोर बसून कंपनीचं गुपित बोलून जातो. कंपनी भव्य आहे म्हणून मोमो दिपत नाही. एंडेने मोहाची बाजूही प्रामाणिकपणे लिहिली आहे: तिचा मित्र गीगी कंपनीच्या जाळ्यात सापडतो तो श्रीमंत आणि प्रसिद्ध होऊन, आणि तरी वाचणाऱ्याला त्याचा राग येत नाही, त्याच्यासाठी जीव तुटतो.

आणि हे सगळं वाचताना मला आपल्याकडची आठवण येतेच. चार्ली शाळेत जाता-येता नाक वर करून चॉकलेटचा वास घेत हळूहळू चालायचा. विलेपार्ल्याला लोकल थांबली की डब्यात बिस्किटांचा वास यायचा, तो मुंबईकरांनी पिढ्यान् पिढ्या तसाच घेतला. १९२९ साली सुरू झालेला तो पार्ले कंपनीचा कारखाना २०१६मध्ये बंद झाला, तेव्हा त्या वासाबद्दल मी कितीतरी हळवे लेख वाचले. तिथे पाळीत काम करणाऱ्यांबद्दल एखाददुसराच.

आपल्याकडे गोडाची खरी फॅक्टरी तर साखर कारखाना आहे. मोळी टाकल्यावर गव्हाणीत, म्हणजे ऊस आत नेणाऱ्या पट्ट्यावर, फिरू लागणारा ऊस, चरक, उकळणारा रस, मळीचा उग्र वास, पाळी बदलताना वाजणारा भोंगा, रात्रभर वजनकाट्यावर लागलेल्या ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या रांगा. अद्भुत काही वेगळं आणायची गरजच नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा केला, ही गोष्टच मुळात परीकथेसारखी आहे: कारखाना, आणि मालक कोण तर ऊस पिकवणारे. आणि त्याच कारखान्यांच्या आसपास, कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, बीडकडून मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन आलेली ऊसतोड कुटुंबं राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचं ते गाळप संपेपर्यंत. मुलं बरोबर येतात, त्यांची शाळा अर्ध्यावर सुटते. काहींसाठी कारखान्याजवळच साखरशाळा निघाल्या, सगळ्यांपर्यंत पोचल्या नाहीत.

त्या कोपीतलं एक पोर एका रात्री त्या गेटच्या आत शिरतं. आत काय दिसतं त्याला? ही कादंबरी मला मराठीत वाचायची आहे. तिला कुतूहल चार्लीसारखं हवं आणि कान मोमोसारखे. आतल्या यंत्रांची खरी माहिती हवी, कारण मुलांना यंत्र कसं चालतं ते कळलेलं फार आवडतं. अद्भुतही हवं, भरपूर हवं. रडगाणं नको, उपदेश तर अजिबात नको. त्या पोराला भूक लागावी, भीती वाटावी, हसू यावं, आणि आपण तोडलेला ऊस पुढे कुठे जातो हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.

तुमच्यापैकी कोणी साखर कारखान्यात केमिस्ट असेल, काट्यावर असेल, बॉयलरवर असेल, कोणी साखरशाळेत शिकवलं असेल, कोणाचं लहानपण कोपीत गेलं असेल, तर खाली लिहा. आतल्या जागांची नावं लिहा, आवाज लिहा, कुठे जायला मनाई होती ते लिहा. लेखन करणारे मित्रमैत्रिणी या भिंतीवर बरेच आहेत, त्यांनी ते वाचावं. पहिला मसुदा मोठ्याने वाचून दाखवायला मुलं मी जमवते.