आजीला पर्यावरण कुणी शिकवलं होतं?

गेल्या महिनाभरात एक लांबलचक मेसेज मला पाच ग्रुपांवर आला. दोन ग्रुप शिक्षकांचे, एक भावकीचा, आणि दोन माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांचे, म्हणजे दोष थोडा माझाही आहे. मेसेजचा सारांश असा: "शाळेत आजकाल पोरांना ऊर्जा, पर्यावरण, शाश्वत विकास असलं काहीबाही शिकवतात. पोस्टर रंगवायचे, घोषणा द्यायच्या, झालं. आपल्या आजीला पर्यावरण कुणी शिकवलं होतं? तरी ती निसर्ग सांभाळून जगली. घाण केली अमेरिकेने, आणि अपराधी वाटून घ्यायचं आपल्या पोरांनी. सौर पॅनेल, बॅटरीच्या गाड्या ही धूळफेक आहे. तेल संपणार, कोळसा संपणार हे ऐकत आपण म्हातारे झालो. हा सगळा परदेशी अजेंडा आहे. त्यापेक्षा पोरांना गणित शिकवा." खाली जोडलेले हात आणि तिरंगा.

मी सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माणदेशातल्या एका माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो. मेसेजमधलं शेवटचं वाक्य मला मनापासून पटलं, म्हणून गणितच करू.

आधी आजी. माझी आजी जन्मली माण तालुक्यात आणि नांदलीही तिथंच. पर्यावरण हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता, हे खरं. जुन्या लुगड्याची वाकळ व्हायची, वाकळेचं पोतेरं व्हायचं, उरलंसुरलं अन्न म्हशीच्या पाटीत जायचं. मेसेज लिहिणाऱ्याला एवढं आठवतं. फुंकणी आठवत नाही. ओल्या सरपणाचा धूर डोळ्यांत घेत, चुलीपुढे वाकून आयुष्य काढलेल्या बायकांचा खोकला आठवत नाही. आमच्याकडे जळणाला मुख्यतः शेणी. शेण चुलीत गेलं की रानाला खत कमी पडतं, हे आजोबा दर उन्हाळ्यात बोलून दाखवायचे, आणि तरी शेणीच थापल्या जायच्या, कारण माळावर तोडायला बाभळीशिवाय काही उरलंच नव्हतं. यात निसर्ग सांभाळणं किती आणि नाइलाज किती, हे मला अजून नीट वेगळं करता येत नाही.

वर्गात आम्ही आजीचं गणित मांडतो. आड दहा मीटर खोल, हंडा पंधरा लिटरचा. तो भरून वर ओढायला सुमारे १,४७० ज्यूल ऊर्जा लागते. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. पंपाची कार्यक्षमता चाळीस टक्के धरली तरी एका युनिटमध्ये साधारण हजार हंडे वर येतात. आजी दिवसाला चाळीसएक हंडे ओढायची. म्हणजे तिचे पंचवीस दिवस बरोबर एक युनिट. आणि दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की तेवढंच एक युनिट पडतं. हे पहिल्यांदा फळ्यावर उतरलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आजीला गीझर पायजे हुता."

त्या पोराचं उत्तर मेसेजपेक्षा खरं आहे. आजी कमी ऊर्जेत जगली, आणि जी ऊर्जा होती ती तिच्या खांद्यातून नि कमरेतून आली. धडधाकट माणूस आठ तास राबला तर जेमतेम ०.६ युनिटाएवढं काम करतो. माणसाच्या इतिहासात बहुतेक काळ हाच हिशोब होता: माणूस, बैल, थोडं वारं, थोडं वाहतं पाणी. किल्ले, देवळं, घाट सगळं त्यातूनच उभं राहिलं. विहिरीवरची मोट हे त्याच काळातलं यंत्र: बैल धावेवरून पुढे गेले की पाणी वर, मागे सरले की मोट खाली. तिकडे इंग्लंडमध्ये कोळशाच्या खाणी खोल गेल्या आणि त्यांत पाणी भरायला लागलं, तेव्हा १७१२ मध्ये न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन आलं, तेही पाणी उपसायलाच. कोळसा काढण्यासाठी कोळसा जाळायचा. आमच्या पोरांना मोट आणि डिझेल इंजिन यांतला फरक घरच्या म्हाताऱ्यांकडून माहीत असतो, त्यामुळे औद्योगिक क्रांती समजावून सांगायला मला दहा मिनिटं पुरतात. विज्ञानाच्या तासाला इतिहास कशाला, असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगतो.

आता अमेरिका. इथे मेसेज निम्मा बरोबर आहे, आणि तो निम्मा शिकवला गेला पाहिजे. भारतात माणशी कार्बन डायऑक्साइड वर्षाला साधारण दोन टन, अमेरिकेत चौदाच्या आसपास. औद्योगिक काळापासून आजवर साठलेल्या उत्सर्जनात जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, आपला तीन-चार टक्क्यांचा. हे आकडे माहीत नसलेलं पोर उद्या कुठल्या परिषदेत भांडणार काय? पण उरलेला निम्मा चुकीचा आहे, कारण कोळशाची राख अमेरिकेला जात नाही. आपल्या देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशावरची. एका युनिटाला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो, आणि आपल्या कोळशात राखच तीस ते चाळीस टक्के. घरात महिन्याला शंभर युनिटं पडली आणि ती सगळी कोळशावरची धरली, तर सत्तर किलो कोळसा जळतो आणि पंचवीसएक किलो राख उरते. ती कोळशाची वीजकेंद्रं आहेत तिथे उरते: चंद्रपूरला, कोराडीला, खापरखेड्याला. तिथल्या पोरांच्या घरी ती वाऱ्याबरोबर येते. पंचवीस किलो म्हणजे सिमेंटची अर्धी गोणी, असं सांगितलं की वर्गात डोळे मोठे होतात. यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही, पण आपल्या दिव्याची राख कुणाच्या अंगणात पडते हे दहावीच्या पोराला माहीत असायला हरकत कुणाची?

सौर पॅनेल आणि गाड्यांची गोष्ट पटकन उरकतो, कारण इथे वाद फारसा नाहीच. 'पॅनेल बनवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ते जन्मभरात देत नाही' हे वाक्य जुनं आहे आणि साफ खोटं आहे. आपल्यासारख्या उन्हाच्या मुलखात पॅनेल साधारण वर्ष-दीड वर्षात ती परत करतं, आणि पंचवीस वर्षं चालतं. बॅटरीची स्कूटर शंभर किलोमीटरला साडेतीन युनिटं घेते असं धरू. कोळशाच्याच विजेवर ती चार्ज केली तरी साडेतीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो. पेट्रोलची स्कूटर त्याच अंतराला दोन लिटर पिते आणि साडेचार किलोच्या वर जाते. बॅटरी बनवताना खर्च होतो, खाणी लागतात, पॅनेलं मोडीत निघाल्यावर त्यांचं काय करायचं हा प्रश्न आहेच, आणि रात्री ऊन नसतं हे सांगायला तर मेसेजही लागत नाही. हे सगळं शिकवायचं. 'धूळफेक' म्हणून सोडून दिलं तर यातलं काहीच शिकवलं जात नाही.

'संपणार संपणार' या टोमण्याला मात्र जागा आहे. मी शाळेत असताना आमच्या गुरुजींनीही तेल तीस वर्षांत संपेल असं सांगितलं होतं. संपलं नाही. नवे साठे सापडतात, जुन्यातून काढायच्या नव्या रीती निघतात. गुरुजींनी चुकीची भीती दाखवली. खरी गोष्ट जाळलेलं कुठे जातं, याची आहे. कारखानदारी येण्यापूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत २८० भाग होता. हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून रोज मोजमाप चालू आहे. तेव्हा तो ३१५ च्या घरात होता, आता ४२० च्या वर आहे. हा आकडा कुणाच्या मताने कमी-जास्त होत नाही, तिथे यंत्र बसवलेलं आहे.

परदेशी अजेंडा? १८८३ साली महात्मा फुले इंग्रज सरकारला बजावत होते की ताली-बंधारे घाला, पावसाचं पाणी रानात मुरू द्या, सुपीक माती वाहून जाऊ देऊ नका. १९२१ मध्ये मुंबईच्या गिरण्यांच्या विजेसाठी टाटांचं धरण येणार म्हणून मुळशीचे शेतकरी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला उतरले. वीज कुणाला आणि जमीन कुणाची, हा प्रश्न आपल्या मातीत शंभर वर्षांपूर्वी विचारून झालाय. आणि पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजांत सक्तीचा झाला तो आपल्याच सर्वोच्च न्यायालयामुळे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये तसा आदेश झाला, आणि अंमलबजावणी होईना म्हणून २००३ मध्ये पुन्हा कान टोचावे लागले.

पोस्टरांबद्दल मी मेसेजच्या बाजूने आहे. पर्यावरण दिन ५ जूनला येतो, तेव्हा आमच्या शाळांना सुट्टी असते, म्हणून शाळा उघडल्यावर तो उरकला जातो: एक रोप, अकरा पाहुणे, एक फोटो. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरं रोप. दहावीला 'हरित ऊर्जेच्या दिशेने' असा चांगला धडा आहे, पण पोरं त्यातून औष्णिक केंद्राची आकृती गुणांसाठी पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. दोष धड्याचा कमी, आमचा जास्त. पण वाईट शिकवलं जातं म्हणून शिकवूच नका, हा न्याय लावला तर गणितही बंद करावं लागेल.

मग कसं शिकवायचं, तर मी कोयना घेतो. कोयना आमच्याच जिल्ह्यात, पश्चिमेला पाटण तालुक्यात. तिथल्या धरणाच्या शिवसागर जलाशयाची क्षमता १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट. सह्याद्रीतून बोगदे पाडून हे पाणी पलीकडे कोकणात पोफळीच्या बाजूला सोडलं जातं, तिथे सुमारे १,९२० मेगावॅटची केंद्रं आहेत, आणि वीज करून झाली की पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे. संध्याकाळी साऱ्या महाराष्ट्रात एकदम दिवे लागतात तेव्हा कोळशाचं केंद्र तेवढ्या घाईने उठत नाही, कोयना काही मिनिटांत उठते. धूर नाही, राख नाही.

हे झालं की मी नकाशा पूर्वेकडे सरकवतो. कोयना कराडला कृष्णेला मिळते. कराडच्या जवळच टेंभूला पंप लावून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवलं जातं, आटपाडी-सांगोल्याच्या दुष्काळी रानांकडे. म्हणजे घाटापलीकडे पाणी खाली पाडून वीज करायची आणि घाटाअलीकडे वीज जाळून पाणी वर ओढायचं. ज्यांची गावं कोयनेत बुडाली ते साठ वर्षांनंतरही पुनर्वसनासाठी आंदोलनाला बसतात. यावर पोरांचे हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो पाणी इकडे द्या, दुसरा म्हणतो मग रात्री अंधारात अभ्यास कर. मी निकाल देत नाही. माझ्याजवळ तो नाही, आणि मुंबईतल्या मंत्रालयातही असेल असं वाटत नाही.

गेल्या आठवड्यात पोरांना घरची लाइटबिलं आणायला सांगितली होती. निम्म्यांनी आणली. एक जण म्हणाला, "सर, आमच्या घरचं हाय, पर हिरीवरच्या मोटरीला मीटरच न्हाय. हॉर्सपॉवरवर बिल येतं. मग युनिट कसं काढू?"

मी म्हटलं, पाच एचपीची मोटर, आठ तास लाइट, काढ तूच. त्याने वहीत मांडलं: पाच एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट, गुणिले आठ, तीसएक युनिटं. मग आजीच्या गणिताचं पान उलटून काढलं. तीस हजार हंडे. जरा वेळ तो आकड्याकडे बघत राहिला.

"सर, पर एवढं पाणी हिरीत हाय कुठं?"