अख्ख्या वॉर्डाचा श्वास 20 कसा?

टीपीआर चार्ट, म्हणजे पेशंटचा ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदीचा तक्ता, उघडा. नाडी 76, 112, 94 आणि श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत मिनिटाला 20! अख्खा वॉर्ड एका तालात श्वास घेतो का? अहो, तब्येत ढासळताना बीपी पडायच्या आधी बरेचदा श्वासच वाढतो. 28 च्या जागी 20 लिहिलं की डॉक्टरांना कळवायची वेळ निघून जाते. ऑक्सिमीटरवर विसंबू नका. ऑक्सिजन लावलेला असला की 97 टक्के दिसतात आणि पेशंट धापा टाकत असतो. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नका, छातीकडे बघत पूर्ण 60 सेकंद मोजा. सांगून मोजलं की श्वास बदलतो. 15 सेकंद मोजून चारने गुणलं, तर एका श्वासाची चूक चारची होते. पेशंट जास्त, हात कमी, मान्य. मग ‘मोजला नाही’ असं लिहा ना!